खोडाचा तुकडा

माझ्या केबिनमध्ये येण्याआधी ते प्लायवूडच्या दारावर दोनदा बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, "भरीव आहे, साहेब!" कृषी खात्याच्या आमच्या दिल्लीच्या ऑफिसात ते डिस्पॅचला कारकून. गावी, रावेरकडे, भावाची केळीची बाग. किडलेलं खोड पोकळ वाजतं, म्हणून ते कँटीनचं टेबलसुद्धा वाजवून बघत.

गेल्या वर्षी सुट्टीवरून येताना त्यांनी स्टीलच्या डब्यात खोडाचा तुकडा आणला.

"झाडं मोडून पडतायत, साहेब. लॅबला दाखवा ना. त्याच बागेतले कंद भाऊ नव्या शेतात लावणार आहे."

"वाऱ्याने पडली असतील हो," मी म्हणालो आणि डबा ड्रॉवरमध्ये सारला. आठवड्याने त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "लॅबने बघितलं. कीड नाही. खुशाल लावा."

डबा मी उघडलाही नव्हता.

कंदांबरोबर खोड पोखरणारा सोंड्या भुंगा नव्या शेतात गेला. घड भरायच्या आत बाग आडवी झाली. मग एक दिवस ते डबा मागायला आले. "वहिनीचा आहे." मी तो ड्रॉवरमधून काढून दिला. त्यांनी माझ्यासमोरच झाकण उघडलं. काळ्या भुशात मेलेले भुंगे होते. त्यांनी झाकण लावलं, सवयीने त्यावर दोनदा बोटं वाजवली आणि गेले.

दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी त्यांना विचारलं, "सुना है, आपके भाई का केला गिर गया?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हाँ जी. हवा बहुत थी."

मी चहा पीत राहिलो.