मंगलताईंचा पी. पी. नंबर

हे मी माझ्या नवऱ्याला, अनिललाही सांगितलं नव्हतं. माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं ते शेवटपर्यंत समजत होते. आता ते नाहीत. दुपारी घर इतकं शांत असतं, की फ्रिजची घरघर थांबली तरी कोणी उठून गेल्यासारखं वाटतं. मग त्या शांततेत एक जुना आवाज येतो. चपलांचा.

पण तिथून सुरुवात करायला मला जमत नाही. आधी काम सांगते.

मी फार्मसी शिकले. मैत्रिणी संगणकाचे कोर्स करून एकेक करत परदेशी चालल्या होत्या, त्या काळात मी पुण्यातल्या एका रुग्णालयात जिन्याखालच्या खोलीत बसत असे. बुधवार पेठेतून जोडून आणलेला संगणक, एक फोन, आणि मी. औषधानं कोणाला अपाय झाला — पुरळ, चक्कर, काहीही — तर त्याचा अहवाल करून दिल्लीला पाठवायचा. अशा पुष्कळ अहवालांवरून वर कोणीतरी ठरवणार, की अमुक गोळी देताना जपायला हवं. डॉक्टरांना हे लिहायला वेळ नसे, इच्छाही नसे. "आमच्या चुका गोळा करता काय हो?" एकांनी हसत विचारलं होतं. त्यामुळे अहवाल अर्धेमुर्धे यायचे. माझे मात्र पूर्ण असत. आमचे विभागप्रमुख सर बैठकीत म्हणायचे, "बाईंचा एकही रकाना रिकामा नसतो. बाकीच्यांनी निदान बघून तरी घ्या."

मला ते आवडायचं. फार आवडायचं.

शेवटचा रकाना असे — रुग्णाचं पुढे काय झालं? तो भरायला घरी गेलेल्या माणसाला फोन करावा लागे. घरोघरी फोन कुठे होते अजून? केसपेपरवर नंबरापुढे 'पी. पी.' लिहिलेलं असे. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानाचा. "थांबा, बोलावतो," म्हणून ते रिसीव्हर बाजूला ठेवत, आणि मी एका अनोळखी गल्लीत एकटी उरे. वजनकाट्याची खणखण, कुकरची शिट्टी, कुठलं तरी अर्धवट गाणं. ते थांबणं मला स्वप्नासारखं वाटे. नंतरचं बोलणं नाही. अनोळखी माणसाशी बोलायचा मला कायमच संकोच — पण संकोच हे काही या गोष्टीचं कारण नाही.

मंगलताई कात्रजच्या. ब्लाउज शिवायच्या. फिट येतात म्हणून नवी गोळी सुरू झाली आणि त्यांच्या अंगाची कातडी सुटली, तोंड सोललं, डोळे चिकटले. गोळी बंद केल्यावर कातडी भरत आली. डोळे लालच राहिले. घरी जाताना त्यांनी माझा हात धरला. "मॅडम, सुईत दोरा ओवता येईल ना मला?"

"येईल की," मी म्हणाले. मला काय ठाऊक होतं?

महिनाअखेरीला फोन लावला. किराणा दुकान होतं.

"दवाखान्यातनं? अवो बाई, मी साखर इकतो. टेलिफोन खातं न्हाई चालवत."

"जरा बोलवाल का? महत्त्वाचं आहे."

"समद्यांचंच महत्त्वाचं असतंय. थांबा." मग लांबून, "ए शोभे, आईला आण गं. फोन हाय."

मी ऐकत राहिले. कागदाची पुडी बांधल्याचा आवाज. मग चपला. एक जोड चटचट, दुसरा ओढत, मध्येच थांबत. आणि मुलीचा आवाज, सवयीचा, न घाबरलेला — "पायरी हाय, आये. आता दुसरी. हात सोडू नगं."

भर दुपारी. स्वतःच्या गल्लीत.

मी फोन ठेवला.

"लाइन तुटली," मी मोठ्यानं म्हणाले. खोलीत कोणीच नव्हतं. मग शेवटच्या रकान्यात लिहिलं: पूर्ण बरी.

'माहीत नाही' लिहिता आलं असतं. तेही खोटंच झालं असतं — मला माहीत होतं — पण निदान कोणीतरी पुन्हा विचारलं असतं. मी खरं लिहिलं असतं तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांसमोर उभं राहावं लागलं असतं. हे मनात आलं होतं का? आलं होतं. पण त्याआधी एवढंच आलं, की त्या सुईचं विचारतील. त्यांना तेव्हाच डोळ्यांच्या वॉर्डात बोलावलं असतं तर थोडी नजर वाचली असती का? त्यासाठीच तर तो फोन होता. दुसऱ्या दिवशी लावता आला असता. त्यानंतरही कितीतरी दिवस. ती गोळी पुढेही दिली जात होती, आणि माझ्या अहवालात तिनं कोणाचं कायमचं काही बिघडलेलं नव्हतं. सरांनी त्या महिन्यातही माझं कौतुक केलं. मी खाली बघून हसले.

अनिल गेल्यावर काही आठवड्यांनी औषधांच्या अपायांची नोंद ठेवणाऱ्या हिंजवडीच्या एका कंपनीतून एका मुलीचा फोन आला. एका औषधानं अनिलला चक्कर यायची. ते मीच मागे कळवलं होतं.

"आता सर कसे आहेत, मॅम?"

"गेले," मी म्हणाले.

 तिच्या मागे कीबोर्डची टकटक, कोणाचं तरी हसणं. मला वाटलं, आता ठेवेल.

"सॉरी मॅम. मी होल्ड करते. तुम्हाला जमेल तेव्हा सांगा."

आणि ती खरंच थांबली. मी सांगत गेले, तिनं सगळं विचारून घेतलं. शेवटची रात्रसुद्धा.

तेव्हापासून चपला ऐकू येतात. मी फोन ठेवला तेव्हा मंगलताई दुकानापाशी पोचायच्या होत्या. मग पोचल्या असतील. शोभानं रिसीव्हर त्यांच्या हातात दिला असेल, नीट कानाशी धरून दिला असेल. त्या "हॅलो" म्हणाल्या असतील. मग थोडं थांबून — "मॅडम?"