डिस्कच्या भोकातलं कुंकू

सिद्धू आमच्या आटपाडीकडचा. बापाच्या मेंढरांमागं वाढलेला गडी पुण्यात एका सायकलच्या दुकानात राबला, शिकला आणि सांगलीत विश्रामबागेत स्वतःचं दुकान टाकून बसला. तोंडानं लय फटकळ, पण तेलावर चालणारे डिस्क ब्रेक त्यानंच नीट करावेत. महाबळेश्वरातल्या विनोदिनीबाईंच्या हॉटेलच्या साऱ्या सायकली त्याच्याकडं यायच्या. ते काम मिळवून दिलं होतं मल्हारनं. मल्हार त्याच्याच वाडीचा, लहानपणी एका घोंगड्यात निजलेला. आता त्या हॉटेलच्या पाहुण्यांना डोंगरउतारावर सायकलीनं फिरवतो.

दसरा झाला आणि बाईंचा फोन आला. "सिद्धू, मल्हार उतारावर पडला. थोडक्यात वाचला. तू ब्रेकमध्ये तेल नीट भरलं नाहीस, आत हवा राहिली, असं तो म्हणतो. त्या जागी पाहुणा असता तर? आता आमच्या सायकली तुझ्याकडं येणार नाहीत."

सिद्धूनं मल्हारला सायकल घेऊन बोलावलं.

मल्हार आला. "पोचट झालाय गड्या ब्रेक. हवा हाय आत."

सिद्धूनं ब्रेक दाबला. हवा असली की दांडा मऊ मऊ मुठीला टेकतो, चार-दोनदा दाबला की मग आवळतो. हा पहिल्याच दाबाला दगडागत कडक.

"हवा कुठाय रं ह्यात? दांडा कडक आन् चाक थांबंना. म्हंजी पॅड घसरत्यात."

त्यानं चाक काढलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला आवळणारे पॅड आरशागत चकाकत होते. डिस्कवर फडकं फिरवून वास घेतला. करडईचं तेल! वर डिस्कच्या भोकाभोकात कुंकू बसलेलं.

सिद्धूला हसू फुटलं. आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं समदं लोखंड पुजतात. कुऱ्हाड, विळा, मेंढरं कातरायची कातर. गंजू नये म्हणून वर तेलाचा हातही फिरवतात. सणाला घरी नेलेली सायकल मल्हारची आई बयाबाई कशी सोडेल?

"आरं, म्हातारीनं डिस्कची पूजा घातली की! पॅडनं तेल पिलंय, आता ते कामातनं गेलं. लाव बाईंना फोन आन् सांग."

मल्हार हसला नाही. "मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"पडलो तवापासनं. चाकाला हात लावला, तर तेल लागलं."

"मग माझं नाव का घेतलंस?"

"काय सांगू मग? सायकल न बघताच पाव्हणं घिऊन उतारावर गेलो म्हणू? बाईनं हाकललं असतं. तुला दुकान हाय, मला काय हाय? आन् ते काम तुला दिलं कुणी?"

सिद्धूनं त्याच्यादेखत बाईंना फोन लावला, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तो तुझ्याच गावचा. तो कशाला खोटं बोलेल तुझ्याबद्दल?"

मल्हार शेजारीच उभा होता. तोंड उघडलं नाही त्यानं.

सिद्धूनं नवे पॅड काढलेच नाहीत. चाक तेवढं बसवलं आणि सायकल त्याच्या अंगावर ढकलली. "ब्रेक न्हाई हिला. बसू नगंस, चालत ने. पुन्यांदा ह्या दारात यायचं न्हाई."

बाईंच्या सायकली गेल्या त्या गेल्याच. जत्रेला दोघं गावात असतात. मल्हार ज्या पंगतीला बसतो, त्या पंगतीला सिद्धू बसत नाही.