त्र्याऐंशी नावं

पेरू देशातल्या चिंबोतेच्या मासळीधक्क्यावर सोराईदाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं सुरी चालवलेली बाई. बोनितो मासा तीन फटक्यांत साफ, आणि जीभ त्या सुरीहून धारदार. पण जूनच्या एकोणतीसला, सान पेद्रोच्या सणाला, सगळा धक्का तिच्यापुढे गप्प व्हायचा. संताची मूर्ती बोटीत बसवून बाहेर खोल पाण्यात न्यायची, इंजिनं बंद करायची, आणि सोराईदाने उभं राहून समुद्राने नेलेल्या माणसांची नावं घ्यायची. एकेक बोट घेऊन तिच्यावर गेलेल्यांची, अशी त्र्याऐंशी नावं, सगळी तोंडपाठ. कागद चालत नाही. समुद्राला वाचता येत नाही, असं तिथले म्हातारे सांगतात, आणि त्यांच्याशी वाद कोण घालणार!

हा मान तिला सासूकडून आला. वर्षभर मासे साफ करता करता ती नावं घोकायची, एका माशाला एक नाव. ‘फिलोमेना’ बोटीबरोबर दोघे बुडाले होते, आबेलिनो आणि तेओफिलो. तेओफिलो तिचा नवरा. आबेलिनोची लेक नेलिदा तेव्हा सहा महिन्यांची होती. बाप्तिस्म्याला सोराईदानेच तिला हातावर घेतलेलं, म्हणजे ती तिची मानलेली आई. स्वतःला मूलबाळ नाही, म्हणून सगळी माया त्या पोरीवर ओतली. शाळा, कपडे, आजारपणं, सगळं बघितलं. पोर तिला माई म्हणायची.

आणि त्याच पोरीने केसाने गळा कापला.

नेलिदाने माशाच्या तेलाच्या गोळ्या विकायला घेतल्या होत्या. गावच्याच कारखान्यात आंचोवेता ही बारकी मासळी उकळून काढलेलं तेल, परदेशात जाऊन, गोळ्या होऊन, बाटलीत बसून परत आलेलं. म्हणे डोकं तल्लख होतं, विसरभोळेपणा जातो.

‘‘अगं, जन्म गेला माझा मासळीत. आता बाटलीतनं खाऊ होय?’’ सोराईदा हसली. पण पोरीचं मन मोडायला नको म्हणून तीन महिने रोज एक गोळी गिळली. फरक एवढाच, की दिवसभर ढेकर मासळीचे.

मग एका रविवारी नेलिदा म्हणाली, ‘‘माई, हॉलमध्ये आमची बैठक आहे. नुसती येऊन नावं म्हण. लोकांना बरं वाटेल.’’

सोराईदा नवी शाल घेऊन गेली. त्र्याऐंशी नावं म्हटली. बायकांनी डोळे पुसले. तेवढ्यात नेलिदाने माईक घेतला.

‘‘ही माझी माई. तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली होती. म्हणाली, पोरी, मला माझ्या नवऱ्याचंच नाव आठवत नाही गं. आणि आज बघा!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. सोराईदाच्या पायाखालची जमीनच सरकली. 

बाहेर आल्यावर तिने नेलिदाचं मनगट धरलं. ‘‘कधी विसरले गं मी त्याला? कधी रडले तुझ्यापुढे?’’

‘‘असं काय करतेस माई! विकायचं म्हटलं की थोडं तिखटमीठ लावावंच लागतं.’’

‘‘माझ्या नवऱ्याला लावलंस ते तिखटमीठ!’’

नेलिदाने मनगट सोडवून घेतलं आणि गिऱ्हाइकांकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून सोराईदा धक्क्यावर ओरडून सांगू लागली, की सगळं खोटं आहे, मी काही विसरले नव्हते. दवाखान्यातली नर्स रुफिनासुद्धा सांगत होती, ‘‘बायांनो, चांगल्या धडधाकट माणसाच्या डोक्यात ह्या तेलाने उजेड पडतो असं काही ठरलेलं नाही. मासे खा, झोपा नीट.’’ ऐकतो कोण? मासेवाल्या बायका सोराईदाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, ‘‘असू दे गं. विसरलेल्याला आपण विसरलो ते कुठे आठवतं?’’ आणि संध्याकाळी बाटली घ्यायला नेलिदाकडे जात. पोटाला चिमटा घेऊन जात, तेही सोराईदाच्या नावाला भुलून. ह्याला काय म्हणावं!

सण आला. बोटीवर पाद्रीबाबांच्या हातात नावांचा कागद दिसला. असू द्यावा जवळ, असं सणाच्या पंचांनी ठरवलं होतं. सोराईदाला रडू कोसळायचंच बाकी होतं. नेलिदा बाटल्यांची पिशवी घेऊन पुढेच बसलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सगळी नावं बरोबर आली तर गोळ्यांचा विजय. चुकली, तर ज्याच्या माणसाचं नाव गळलं त्याच्या घरी ती कुठल्या तोंडाने जाणार?

इंजिनं थांबली. सोराईदाने सुरुवात केली. एकही नाव अडखळलं नाही. नेलिदा शेजारणीला कोपराने ढोसत होती, ऐकतेस ना?

‘फिलोमेना’ची पाळी आली. सोराईदाने नेलिदाकडे सरळ बघितलं. ‘‘आबेलिनो,’’ ती म्हणाली. मग थांबली. आणि पुढच्या बोटीचं नाव घेतलं.

‘‘माई! तेओफिलोकाका राहिले!’’ नेलिदा किंचाळली.

सोराईदाने शेवटपर्यंत नावं म्हटली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. नवऱ्याचंच नाव! मग ह्या गोळ्या काय कामाच्या? धक्क्याला लागेपर्यंत सहा जणींनी बाटल्या परत करायचं ठरवलं होतं, आणि पंचांनी पुढच्या वर्षीपासून कागदच वाचायचं. तेओफिलोचं नाव पाद्रीबाबांनी पाण्यावरच कागदावरून वाचून घेतलं होतं.

सगळे गेल्यावर नेलिदा रडत समोर आली. ‘‘मुद्दाम केलंस तू.’’

‘‘हो.’’

‘‘मला धडा शिकवायचा होता तर माझ्या बाबांचं नाव गाळायचंस.’’

‘‘त्याने माझं काय वाकडं केलं होतं?’’

‘‘आणि काकांनी?’’

 सोराईदा पाण्याकडे पाठ करून घराच्या वाटेला लागली.