दुसरा नारळ फ्रीजमध्ये

आमच्या डॉक्टरबाई बोलण्याआधी एक बोट वर करत. समोरचं जोडपं "दोन" म्हणालं, तरी ते वरच असे. "एक गर्भ पोटात सोडू. बाकीचे गारठ्यात आराम करतील."

बनारसच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं जुळंच मागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पूर्वी आम्ही दोन-तीन गर्भ सोडत असू. तिळं राहिलं की पेढे वाटत असू, आणि पुढे सातव्या महिन्यातच जन्मलेल्या मुठीएवढ्या जिवांच्या काचपेटीबाहेर बसत असू. बाईंनी आधी ते पेढे बंद केले.

एकदा पंचगंगा घाटाजवळच्या मराठी घरातली सून आली. चणीने लहान, रक्तदाब चढा. सासूबाई म्हणाल्या, "एकदमच दोन होऊ देत. हिला पुन्हा हा त्रास झेपायचा नाही."

"दोन पोटात वाढली तर हिच्याच जिवावर बेतेल, काकू."

"आणि एक टिकला नाही तर?"

"दुसरा ठेवलाय ना. दुसरी सून कुठून आणू?"

सून फिसकन हसली. सासूबाईंना मात्र पटलं नव्हतं.

गर्भ सोडायच्या दिवशी त्या घरून सुनेची ओटी भरूनच आल्या. पदर सोडवताना मला तो जड लागला. पाहते तर तांदळात दोन नारळ!

"काकू, ओटीत दोन नारळ कधीपासून घालतात?" बाईंनी विचारलं.

"आपलं... सहजच."

बाईंनी एक उचलून माझ्या हातात दिला. "सिस्टर, हा फ्रीजमध्ये ठेवा. लागला तर काकूंना परत देऊ."

सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मग बाईंनी एकच गर्भ सोडला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट चांगला आला. मी त्या नारळाच्या वड्या केल्या. पहिली सासूबाईंना दिली. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन लेकीकडे बंगळूरला गेल्या. परवा घाटावर ती सून दिसली. मुलगी पायऱ्यांवर पुढे धावत होती आणि ही मागून भराभर चढत बनारसी मराठीत ओरडत होती, "अगं रुक! गिरशील!"

मी बाईंना फोन करून दोघी घाटावर दिसल्याचं सांगितलं. मुलगी कोणासारखी दिसते, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

"आई धापा टाकत होती का?"

"नाही. ओरडत होती."

"एवढ्या पायऱ्या चढून?"

"हो."

"मग झकास," बाई म्हणाल्या, आणि फोनवर मोठ्याने हसल्या.