अंबूताईंनी बांधलेला हात

"अंबूताई आजाऱ्याला दोरीनं बांधतात आणि वर बडवतात," अशी हुबळीत बोलवा होती. आमच्या गल्लीत तर दोरीची जाडीसुद्धा बोटांनी दाखवत! खरं इतकंच, की मिशनच्या दवाखान्यात मालिश आणि व्यायाम शिकून आलेल्या या बाईंनी आमच्या शेजारच्या बाळाचार्यांचा धडधाकट डावा हात त्यांच्याच उपरण्यानं कमरेशी बांधला होता. बडवलं कुणालाच नाही. बोलल्या मात्र भरपूर.

अर्धांगवायूनं आचार्यांची उजवी बाजू गेली होती आणि जिभेवर एकच शब्द उरला होता: "आगोदिल्ल." होणार नाही! पाणी हवं तरी आगोदिल्ल, नको तरी आगोदिल्ल. नृसिंहजयंतीला त्यांनी स्वतः गंध उगाळून देवाला लावलं नाही, तर त्यांच्या घराकडे असलेली देवळाची पूजा दुसऱ्या घराकडे जाणार होती.

अंबूताई रोज त्यांच्या स्नानाआधी येत. सोवळ्यात शिवायचं कसं? खांदा चोळत, कोपर वाकवत, एकेक बोट उघडत. पण त्यांची पाठ वळली की हेमावतीबाई नवऱ्याला घास भरवत आणि मुलगा पद्मनाभ गंध उगाळून ठेवी.

एक दिवस अंबूताई अवचित परतल्या नि हे दिसलं. देवाची सहाण शिवता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी घरून स्वतःची आणली.

"अक्का, आम्ही सेवा करतो त्यांची!" पद्मनाभ म्हणाला.

"सेवा? उजवा हात मारून टाकताय त्यांचा! देवाला डाव्या हाताचं गंध चालत नाही ना? मग बांधतेच डावा."

आचार्यांच्या उजव्या हातातून चंदनाचं खोड निसटलं. पुन्हा दिलं, पुन्हा निसटलं.

"आगोदिल्ल!" आचार्य गरजले.

"आगतद!" होतं, होतं! अंबूताई त्याहून वर.

दोघांचे आवाज काढून मी कट्ट्यावर पोरांना हसवत होतो. मागून अंबूताई आल्या.

"गळा बरा आहे. बोल, गंध उगाळतील का?"

"छे!"

"हरलास तर माझी पिशवी गावाबाहेर उणकलपर्यंत वाहायची."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी कशाला हरेन?"

नृसिंहजयंतीला आचार्य देवळात सहाणेपुढे बसले. खोड निसटलं. पद्मनाभ पुढे सरसावला. अंबूताईंनी त्याला नुसत्या नजरेनं जागीच खिळवलं. आचार्यांनी खोड उचललं, दात आवळून खांद्यापासून जोर लावला. सहाणेवर पिवळसर गंध चढलं. देवाच्या कपाळी ते जरा वाकडं टेकलं, पण टेकलं. पूजा त्यांच्याच घरात राहिली.

उणकलच्या अनुसयेचा पाय लुळा पडला होता आणि ती अंबूताईंची वाट बघत होती. पैज हरलेल्या माझ्या डोक्यावर पिशवी, पिशवीत तेलाच्या बाटल्या आणि शेकायच्या वाळूच्या पुरचुंड्या. माझी मान मोडली.

"अंबूताई, जरा टेकू या?"

"विचार की अनुसयेला," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.