मोटवाल्या चाचांचे बूट

चाचा नवा बूट आधी पाण्याने काठोकाठ भरत, मग तो आढ्याच्या आकड्याला टांगत आणि स्वतः बरोबर त्याच्याखाली बसून दुसऱ्या कामाला लागत. एक थेंब जरी टोपीवर पडला तरी बूट नापास. मग गिऱ्हाइकाने कितीही गयावया करो, शिवण उसवून पुन्हा घातली जाई. साक्रीच्या बाजारात त्यांच्या दुकानासमोर रिकामटेकड्यांचा कायम घोळका असे. मध्येच कुणीतरी "पडला, पडला!" अशी खोटीच आरोळी ठोके. चाचा टोपी काढत, चाचपत आणि शांतपणे म्हणत, "हाई तुझी थुंकी शे, भाऊ. बुटाचं पाणी नाही."

मुळात ते बूट करणारे नव्हतेच. उभी हयात त्यांनी मोटा शिवल्या होत्या. बैल विहिरीतून पाणी ओढतात ती चामड्याची मोट. पुढे विहिरींवर इंजिनं बसू लागली, मोटा कमी झाल्या, आणि चाचा बुटांकडे वळले. "मोटेत पाणी आत राहिलं पाहिजे, बुटात बाहेर," ते म्हणत. "चामड्याला काम तेच. फक्त उलटं."

मी जामनेरकडचा. सातवीत शाळा सोडली तेव्हा या पोराचं होणार काय, ही काळजी घरात सगळ्यांना होती, आणि सगळ्यांत जास्त मला. एकोणिसाव्या वर्षी साक्रीला डाकेचा रनर म्हणून तात्पुरता लागलो. सकाळी सीलबंद थैली घ्यायची, डोंगरातल्या एका गावी पायी पोचवायची, तिथली थैली घेऊन परत यायचं. श्रावणापर्यंत चिखलापाण्याने माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. पाऊल टेकवलं की डोळ्यांत पाणी. डाक रोज उशिरा जाऊ लागली. पोस्टमास्तर माणूस चांगला, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. "सोमवारपासून आठवडाभर बघतो," ते म्हणाले. "वेळेवर पोचलास तर कायम करायला लिहितो. नाही तर तू आपला घरी जा बाबा." घरी कसा जाणार? सरकारी नोकरी लागली म्हणून आईने गल्लीभर गूळ वाटला होता.

मी धुळ्याच्या बाजारातून लष्कराने विकायला काढलेले, आरशासारखे चकचकीत बूट आणले आणि टाचेला खिळा मारून घ्यायला चाचांकडे गेलो. त्यांनी खिळा बाजूला ठेवला आणि बुटात तांब्याभर पाणी ओतलं. मी ओरडलो, "चाचा, नवे आहेत!" बूट आकड्याला चढला मात्र, चाचांच्या टोपीवर धारच लागली. घोळका हसून हसून लोळला. चाचा निथळत्या दाढीने म्हणाले, "बेटा, यांनी पाणी अडवलं नाही, तर शत्रूला काय अडवणार?"

मग मला स्वतःच नवे बूट शिवून द्यायचे ठरवून त्यांनी माझी उलटतपासणीच घेतली. नाले किती? चिखल काळा की तांबडा? उतरताना बोटं पुढे टेकतात का? मी सकाळी माप द्यायला गेलो तर हाकलून लावलं. "सकाळचा पाय खोटं बोलतो. चालून ये, सुजून ये, मग माप." संध्याकाळी फडकं गुंडाळून दोन्ही पायांचं माप घेतलं. बुटात टाच उचलली तर फोड येणार, अंगठा पुढे टेकला तर नख जाणार, हे मला तीनदा म्हणायला लावलं, पाढ्यासारखं. शिवणीत मेण भरलं, चामड्याला एरंडेल चोळलं. रविवारी बूट टांगले. चाचा दोन तास खाली बसले. टोपी कोरडी ठणठणीत!

सोमवारी मी राजासारखा निघालो. चिखलातून गेलो, पाय कोरडे. डबक्यातून गेलो, पाय कोरडे. मला एकट्यालाच हसू फुटायला लागलं. आणि मग आला गुडघाभर पाण्याचा नाला. मी मोठ्या ऐटीत बुटांसकट आत शिरलो. पाणी वरून आत गेलं आणि आतच राहिलं! मोट शिवणाऱ्याची शिवण ती, थेंब बाहेर सोडेना. दोन पायांत दोन भरलेल्या मोटा घेऊन मी डचमळत काठावर आलो. नाडीची गाठ भिजून आवळली होती, ती सुटेना. शेवटी उताणा पडून पाय आभाळाकडे केले. ते सगळं पाणी विजारीतून थेट कमरेपर्यंत आलं. गुरं चारणारी एक म्हातारी अक्का लांबून ओरडली, "काय रे भाऊ, मिरगी येस का तुले?"

डाक कशीबशी वेळेत पोचली. परतल्यावर मी संतापून दुकानात शिरलो, सगळं सांगितलं. चाचांनी एकच विचारलं, "थेंब बाहेर आला?"

"नाही ना! तेच तर!"

"बठ्ठं पानी आतमाच शे?" ते उठून चक्क नाचले. मला मिठी मारली, घोळक्यातल्या प्रत्येकाला ही खबर दिली. मग डोळे पुसत खाली बसले, बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकली, वर चामड्याची वीतभर पट्टी चढवली आणि म्हणाले, "चिखलाला बूट, नाल्याला पाय. नाला आला की बूट गळ्यात. पाय पुसायचे, मग घालायचे. एवढं तरी शाळेत शिकवायचं होतं तुला!"

तो आठवडा मी गळ्यात बुटांची माळ घालून नाले ओलांडले. थैली रोज वेळेवर. चिखल्या वाळल्या, कातडी धरली. पोस्टमास्तरांनी माझ्यादेखत वर लिहिलं.

दिवाळीला घरी गेलो. आईने दारातच खाली बसवलं, माझे तळवे मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या एकेक तपासल्या. "कोनं सांभायलं रे तुले एवढं?" मी चाचांची सगळी हकीकत सांगितली. ती हसून हसून दमली. मग एकदम म्हणाली, "आन् त्याहीच्या पायात काय असतं रे?"

 इतके दिवस त्यांच्यासमोर बसलो, पण पाहिलं कायम वर, टांगलेल्या बुटाकडे.

परतलो तो थेट दुकानात. चाचा मांडी घालून शिवत होते. आईने दिलेली केळी पुढे ठेवण्याआधी मी खाली वाकलो. अनवाणी पाय. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा.

"काय हरवलं रे?"

"चाचा, तुमचे बूट?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा नाल्यात बुटांसकट शिरलो होतो.

"मला कुठं जायचंय, बेटा?" ते म्हणाले. "चालतोस तर तू."