तीन घरांचा मसाला

आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. लोकांची भांडणं, लग्नाची बोलणी, मरणाच्या बातम्या, सगळं त्यांच्या कानावर पडायचं, पण त्यातला एक शब्द त्यांनी कधी घरी आणला नाही. माझं नेमकं उलटं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सासरी मला लवंगी म्हणतात ते काही कौतुकाने नव्हे.

वहिनींचं, नणंदेचं आणि आमचं, अशा तिन्ही घरांचा वर्षाचा मसाला वहिनींच्या स्वयंपाकघरात व्हायचा. नणंद निवडायची, मी चाळायची आणि वहिनी भाजायच्या. जिरे, मिरे, दालचिनी, धणे, सगळं वेगवेगळं, एकाच जाड काळ्या कढईत. वहिनी कढईवर जरा वाकायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि गॅस बंद करायच्या. किती वेळ भाजायचं, आच किती ठेवायची, काहीही विचारा, उत्तर एकच: वास सांगतो. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, या मुद्दाम सांगत नाहीत. चार वर्षं मी ते मनात धरून बसले होते. नंतर कळलं की त्यांना खरंच दुसरं काही सांगता येत नव्हतं. त्या मसाल्याची चिमूट पडली की साध्या बटाट्याचा रस्साही पाहुणे दुसऱ्यांदा मागून घ्यायचे, आणि त्याचं श्रेय मी खुशाल स्वतःकडे घ्यायची.

एका हिवाळ्यात वहिनी पंधरा दिवस तापाने पडून होत्या. बऱ्या झाल्या, कामाला लागल्या. महिन्याभराने मी चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून खाली उतरत होते, तर दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दाराशी, करपलेल्या डाळीचा भपकारा आला. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात धूर, आणि लागूनच्या खोलीत वहिनी भावोजींच्या शर्टाला शांतपणे बटण लावत बसलेल्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. घर पेटलं असतं तरी तुम्ही बटणच लावत बसला असता का, असं बरंच काही बोलले.

त्यांनी सुई शर्टात टोचून ठेवली. "मला वास येत नाही गं," त्या म्हणाल्या. "ताप आला तेव्हापासून. तिखट-मीठ कळतं, बाकी काही नाही."

एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. वास परत येईल किंवा येणारही नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, भावोजींनासुद्धा. का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, मसाला दोन महिन्यांवर आलाय, कळलं की नणंद झारा हातात घेईल आणि मला खुर्चीत बसवेल. नोकरी संपली, मुलं लांब गेली, आता हेही गेलं तर मी करायचं काय? रडून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बसच्या वेळा सांगाव्यात तशा त्या सांगत होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि मी पुन्हा डाळीवरूनच बोलले.

मग आमचं ठरलं. भाजताना मी ताट धरायच्या निमित्ताने शेजारी उभं राहायचं आणि वास जमला की हळूच "हं" म्हणायचं. गुपित राखायला वहिनींना मी सापडले, यावरून त्यांची अडचण केवढी होती ते समजा. पण दोन महिने मी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मसाल्याच्या दिवशी जिरे नीट उतरले. मिरे, लवंग, दालचिनी, सगळं वेळच्या वेळी. धणे सगळ्यात जास्त, म्हणून ते शेवटी. ते कढईत असताना बाहेरच्या खोलीतून नणंद म्हणाली की गेल्या वर्षीच्या मसाल्यात खडे लागले, चाळणारीचं लक्ष नव्हतं. चाळणारी म्हणजे मी. अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं, पण नंतर कळतं. मी दारात जाऊन तिला निवडणं कशाला म्हणतात ते समजावून सांगितलं. परत वळले तर धणे काळे पडले होते, आणि वहिनी झारा फिरवतच होत्या.

"रंग दिसत होता," त्या हळूच म्हणाल्या. "पण तू हं म्हणाली नाहीस."

पलीकडून उत्तर आल्याशिवाय फोन जोडून द्यायचा नाही, ही एकतीस वर्षांची सवय. माझं उत्तर आलं नव्हतं, म्हणून त्या थांबल्या होत्या. माझी मलाच लाज वाटली.

जळका वास घरभर झाला आणि सगळे स्वयंपाकघरात जमले. नणंदेने दोन दाणे चावून पाहिले आणि बेसिनमध्ये थुंकले. मग तिने वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. "वहिनी, खूप वर्षं केलंत. आता पुढच्या वर्षीपासून मी भाजते." टोमणा मारला असता तर मी तिथेच उत्तर दिलं असतं, पण ती मायेने बोलत होती. वहिनींनी मान हलवली आणि चुकलं माझं, म्हणाल्या.

खरं बोलावं तर गुपित फुटतं, आणि गप्प बसावं तर माझ्या चुकीपायी त्यांचा झारा जातो. मी सांगून टाकलं की धणे मी जाळले, वहिनी नको म्हणत असताना मीच झारा हिसकावून घेतला. सगळ्यांना ते तत्काळ पटलं. एकाने तरी शंका घ्यायची! नणंद म्हणाली, मग हिला पुन्हा कढईजवळ फिरकू देऊ नका.

वहिनींनी झारा ओट्यावर ठेवला. "ती माझ्या शेजारीच उभी राहणार," त्या म्हणाल्या. "तिने काही हिसकावलं नाही. मला वास येत नाही. हिवाळ्यातल्या तापापासून."

नणंदेने विचारलं, मग भाजणार कोण? मीच, वहिनी म्हणाल्या, आणि ही मला वास सांगेल. नणंदेने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कढईकडे, आणि बाहेर जाऊन उरलेल्या धण्यांची पिशवी घेऊन आली.

भावोजी अजून दारातच उभे होते. "मी मागच्या महिन्यात नवा साबण आणला," ते म्हणाले. "वास छान आहे म्हणालीस."

"तुम्ही आणला होता ना," वहिनी म्हणाल्या.

भावोजींनी चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, तो सापडला नाही, आणि ते तसेच बाहेर जाऊन बसले.

मी कढई घासून पुन्हा चढवली. या खेपेला कोणाच्या बोलण्याला उत्तर दिलं नाही, आणि भीतीने जरा लवकरच हं म्हणाले. वहिनींनी लगेच गॅस बंद केला. धणे थोडे कच्चेच राहिले. तिन्ही घरांनी तोच मसाला वर्षभर खाल्ला, आणि नणंदेनेसुद्धा त्याला कधी नावं ठेवली नाहीत.